परमानेंट

कँटीनच्या खिडकीवर त्या दिवशी नवा माणूस होता. त्याला अजून कुणाची तोंडं ओळखता येत नव्हती. त्यानं नीलकंठसमोर कागदी कप ठेवला, किटली वाकडी केली, आणि नीलकंठ म्हणाला, "अरे भैया, मैं परमानेंट हूँ." माणूस ओशाळला. "माफ करना बाबूजी," म्हणत त्यानं मागून स्टीलचा ग्लास उचलला आणि चहा त्यात ओतला. बस, एवढंच झालं. ग्लास घेऊन नीलकंठ वळला तर रांगेत थोडी मागे स्वराली उभी होती. त्याची मुलगी. टेस्टिंगच्या बाकीच्या बायकांसारखाच निळा ॲप्रन, केस जाळीत बांधलेले. तिनं ऐकलं होतं. ऐकलं नसतं तर ती हसली असती. कारखान्यात ती त्याच्याकडे बघून नेहमी हसायची, ओळखीच्या माणसाकडे बघून हसावं तसं, थोडंसं. आज ती खिडकीकडेच बघत राहिली, जणू तिथं काही वाचायचं होतं.

ग्लास पोळत होता. तो रुमालात धरून नीलकंठ आपल्या नेहमीच्या बाकावर जाऊन बसला. समोर हरगोविंद, युनियनचा अध्यक्ष, समोसा मोडत काहीतरी सांगत होता आणि नीलकंठ मान हलवत होता, पण कानात त्याचा स्वतःचाच आवाज होता. तो आवाज चढलेला नव्हता. त्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. नाव विचारल्यावर नाव सांगावं तसं ते वाक्य बाहेर पडलं होतं, विचार न करता, जिभेच्या टोकावर तयारच असल्यासारखं. ते तिथं कधीपासून बसलं होतं? दुपारी लेथवर पंपाचे शाफ्ट उतरवताना, पोलादाची निळसर साल वळत वळत खाली पडताना, तो मनात ते वाक्य मराठीत म्हणून बघत होता. मी कायम आहे. मी पक्का आहे. मराठीत ते हास्यास्पद वाटत होतं. कोण कायम असतं? आणि तरी हिंदीत, इंग्रजी शब्दासकट, ते अगदी सरळ आणि खरं होतं. तो परमानेंट होता. स्वराली ठेकेदाराची होती, कागदी कपातली. एकाच फाटकातून दोघं आत येत, सकाळी एकाच स्कूटरवरून.

हे स्टीलचे ग्लास युनियननंच मिळवले होते, हे त्याला आठवत होतं. तेव्हा तो तरुण होता आणि बिजौलीच्या, कारखान्यांच्या त्या सगळ्या वस्तीत सावलीला एक झाड नव्हतं. मे महिन्यात फाटकाबाहेर कनात लावून ते सगळे बसले होते. खालचा दगड संध्याकाळनंतरही विझत नसे. बसल्या जागी धोतरातून, पँटमधून ऊब चढत राही. हरगोविंद ढोलक वाजवायचा. तेव्हा पिण्याच्या पाण्याला गंजाचा वास यायचा, पायांत ज्याच्या त्याच्या चपला असायच्या आणि कुणाचं बोट गेलं तर त्याच संध्याकाळी त्याचा हिशेब करून त्याला घरी पाठवत. करार झाला त्या दिवशी सगळं एकदम आलं. बूट आले, रजा आल्या, थंड पाणी आलं, कँटीन आलं, पगार तर असा आला की हरगोविंदनं गावाकडे पक्कं घर बांधलं आणि नीलकंठच्या लग्नाची बोलणी सुरू झाली. मग कारखान्यानं कायम कामगारांची भरती बंद केली. कुणी जाहीर केलं नाही. नवीन माणसं येत राहिली, पण ती ठेकेदाराच्या रजिस्टरवर. आपण जिंकलो त्याच दिवशी मागचं दार कुणीतरी हळूच लावून घेतलं होतं, हे कळायला त्याला कितीतरी वर्षं लागली. कळल्यावरही त्यानं फारसं काही केलं नव्हतं. आत असलेल्या माणसाला दार लागल्याचा आवाज येत नाही.

घरी, प्रेम नगरात, त्याची बायको आभा नुकतीच ड्यूटीवरून आली होती. ती रेल्वेच्या दवाखान्यात नर्स होती. माहेरची ग्वाल्हेरची. लग्न ठरताना तिच्या वडिलांनी एवढंच विचारलं होतं की मुलगा प्रायवेटमध्ये का आहे. आभाच्या युनियनचा कुणी नेता तिच्या घरी कधी आला नव्हता आणि ती कधी कुठल्या फाटकावर बसली नव्हती. महागाई वाढली की तिचा भत्ता दिल्लीहून आपोआप वाढत येई. तिच्या नोकरीत आणि त्याच्या नोकरीत जो फरक होता तो तिला समजावताना तो एकदा म्हणाला होता, "तुमची गाडी तोट्यात गेली तरी उद्या सुटते. आमचा कारखाना फायद्यात असला तरी उद्या उघडेलच असं नाही." ती तेव्हा हसली होती. त्या संध्याकाळी ताटं मांडताना स्वराली नेहमीसारखीच बोलत होती, टेस्टिंगमधल्या शीला दीदीच्या नातवाचं बारसं, कुठल्या तरी मोटरच्या वाइंडिंगमधला घोळ. नीलकंठ वाट बघत होता. शेवटी त्यानंच विचारलं.

"सकाळी कँटीनमध्ये... तू ऐकलंस ना?"

"काय? अच्छा, ते." तिनं पोळीचा घास वरणात बुडवला. "बाबा, तुम्ही खोटं थोडीच बोललात. आप हो ना परमानेंट."

तिच्या आवाजात काही नव्हतं. हेच त्याला बोचलं. ती रागावली असती तर त्याला तिला काही समजावून सांगता आलं असतं. त्याच्या मराठीला तिचं हिंदी नेहमीच असं मधेच येऊन मिळायचं, आणि त्याला वाटायचं, ही जेव्हा हिंदीत शिरते तेव्हा खरं बोलते.

नवा करार तोंडावर होता. दर तीन वर्षांनी असायचा तसा. आशिषनं त्याला, युनियनचा सेक्रेटरी म्हणून, केबिनमध्ये बोलावलं तेव्हा बाहेर धुळीची आंधी सुटली होती आणि काचेतून फाटक पिवळं दिसत होतं. आशिष हा कारखान्याचा पर्सोनेल अधिकारी, नाशिकचा, वर्षभरापूर्वीच इथं आलेला. तो नीलकंठला एकटं गाठून मराठीत बोलायचा. "काका, इथं तुमच्याशी बोललं की मला घरी गेल्यासारखं वाटतं," असं म्हणायचा आणि ते खरंही असावं. एकदा नीलकंठ जुनी फाईल 'फडताळात' असेल म्हणाला, तेव्हा आशिष दोन दिवस हसत होता. त्याची पणजी तो शब्द वापरायची म्हणे. खंडेराव गेटच्या आत, हिंदी मुलखात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या घराण्यात ज्या भाषेला कुणी हात लावला नव्हता, ती या पोराला म्हातारी वाटत होती. नीलकंठला त्याचा राग येत नसे. पण त्या केबिनमध्ये मराठी बोलताना आपण थोडे मऊ होतो, हे त्याच्या ध्यानात आलं होतं, आणि हरगोविंद बरोबर नसताना इथं येऊ नये असं दर वेळी बाहेर पडल्यावर त्याला वाटायचं.

"काका, या वेळी वाढ चांगली देतोय आम्ही," आशिष म्हणाला. "तुमच्या लोकांनी मागितली असती त्याच्या जवळपास. फक्त टेस्टिंग आणि वाइंडिंग हे दोन्ही विभाग कायमचे ठेक्यावर राहतील, एवढं कलम घालायचं. आत्ताही तसंच आहे. नुसतं कागदावर आणायचं."

"टेस्टिंगच्या बायकांनी आमच्याकडे मागणी दिलीय. एवढी वर्षं तेच काम करतायत. त्यांना आत घ्या म्हणतात."

"मला माहितीये." आशिषनं चष्मा काढून डोळे चोळले. तो दिसतो त्यापेक्षा लहान होता. "मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. कोईमतूरचा पंप आज गरौठ्याच्या दुकानात आपल्यापेक्षा स्वस्त मिळतो. गरौठ्याच्या, काका, आपल्या दारात. शेतकरी नाव बघत नाही, किंमत बघतो. सगळ्यांना तुमचा पगार दिला तर पंप कोण घेईल? आणि पंप कुणी घेतला नाही तर तुमचा पगार कुठून देऊ?"

गरौठ्याच्या त्या दुकानातून नीलकंठच्या चुलतभावानंही बाहेरचाच पंप नेला होता, त्याला न सांगता. तो केबिनमधून निघाला आणि आंधीत तोंडाला गमछा बांधून शेडकडे चालू लागला. दातांत धूळ करकरत होती. पोरगा खोटं बोलत नव्हता. किंमत होती, दुकान होतं, कोईमतूर होतं. पण त्या हिशेबात ठेक्यावरच्या बायकांचा पगार कमी ठेवून आपली वाढ निघत होती, हेही तितकंच खरं होतं, आणि ते आशिषनं म्हटलं नव्हतं. म्हणण्याची गरजही नव्हती. आपली वाढ आता मालकाच्या खिशातून येत नाही, शेजारच्या बाकावरून येते. हा विचार नीलकंठला इतका साधा वाटला की तो शेडच्या दारातच थांबला. टेस्टिंगच्या टाक्यांतून चाचणीला लावलेले पंप घूं घूं करत होते आणि ओल्या लोखंडाचा थंड वास येत होता.

त्याचे वडील, सगळे त्यांना नाना म्हणत, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये सुतार होते. चौऱ्याहत्तरच्या रेल्वे संपात ते उतरले. नीलकंठला त्या वेळचं एवढंच आठवतं की नाना घरी नव्हते, आणि आई, सीताबाई, दाराची कडी वाजली की आधी त्याला आतल्या खोलीत पाठवायची. पोलीस रेल्वेच्या लोकांना घरातून उचलत होते. नाना गरौठ्याकडे एका मित्राच्या शेतावर राहिले, तिथं त्यांनी म्हणे बैलगाडीची चाकं दुरुस्त केली. संप मोडला. नानांची नोकरी गेली, मग बऱ्याच दिवसांनी परत मिळाली. शेजारी एक कुटुंब होतं, त्यातला माणूस संपावर गेला नव्हता. काही वर्षांनी रेल्वेत बोनस सुरू झाला तेव्हा त्या घरीही मिठाई आली, आणि त्यांनी ती यांच्याकडेही पाठवली. सीताबाईंनी ताटली तशीच परत पाठवली होती. त्या संध्याकाळी नाना तिच्यावर रागावले. नाना रागावलेले त्यानं क्वचितच पाहिले होते. "अगं, आपण काय फक्त आपल्यापुरतं मागितलं होतं का?" ते म्हणाले होते. "त्यालाही मिळावं म्हणून तर ते मागणं होतं." सीताबाईंना ते शेवटपर्यंत पटलं नाही. नीलकंठला त्या वयात आईचंच बरोबर वाटलं होतं. आता, शेडच्या दारात, त्याला नानांच्या हातांना येणारा सागाच्या भुशाचा वास आठवला, आणि आपण नानांपेक्षा किती जास्त पगार घेतो आणि किती कमी मागतो, असं वाटून तो उगाच इकडेतिकडे बघू लागला.

सभा कारखान्याबाहेरच्या धर्मशाळेत भरली. पंखे होते, पण वीज नव्हती. हरगोविंदनं मालकाचा प्रस्ताव वाचून दाखवला आणि लोक खूश झाले. कुणी तरी मागून शिट्टीही वाजवली. मग नीलकंठ उठला. तो कधीच चांगला वक्ता नव्हता. युनियनमध्ये त्याला सेक्रेटरी केलं होतं ते अक्षर चांगलं म्हणून आणि भांडत नाही म्हणून. तो म्हणाला, वाढ थोडी कमी घेऊ या. अर्धी म्हणा. बदल्यात टेस्टिंगच्या बायकांना या तीन वर्षांत आत घ्यायला लावू, आणि युनियनचं सभासदत्व त्यांना आजपासूनच देऊ.

मग मागच्या भिंतीशी बसलेला फाउंड्रीतला सुम्मेर म्हणाला, "काए भैया, बिटिया के लाने बोल रए का?"

लोक हसले. वाईट हसू नव्हतं ते. पण हसू विरल्यावर तो प्रश्न तसाच राहिला, सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि नीलकंठ स्वतःला विचारत होता. मुलीसाठी बोलतोय का मी? हो. अर्थातच हो. स्वराली टेस्टिंगमध्ये नसती तर ते वाक्य त्याच्या कानात अडकलं असतं का? कदाचित नसतं. ग्लास घेऊन तो बाकावर गेला असता आणि हरगोविंदचा समोसा वाटून खाल्ला असता. माणसाला दुसऱ्याचं दुःख कळायला आपलं कुणी तिथं असावं लागतं, ही लाज होती, पण त्या लाजेवर उभं राहूनच बोलावं लागणार होतं, दुसरी जागा नव्हती.

"हाँ," तो म्हणाला. "बिटिया के लिए भी. तुम्हारी बहू पैकिंग में है, सुम्मेर. हरगोविंद भैया का भतीजा लोडिंग में है. कौन सा घर है यहाँ जिसमें एक परमानेंट और एक ठेके वाला नहीं है?" त्यानं सभोवार बघितलं. "और एक बात सोचो. हम सब बूढ़े हैं. थोड़े दिन में सब रिटायर हो जाएँगे. नया कोई परमानेंट आता नहीं. फिर यूनियन में कौन बैठेगा? ताला लगाने को भी कोई नहीं बचेगा."

बरीच भांडणं झाली. कुणी म्हणालं की मुलाचं लग्न काढलंय, आत्ताच वाढ कशी सोडू. आणि तो माणूस खोटं बोलत नव्हता. कुणी म्हणालं की बायकांना आत घेतलं तर कारखानाच उठून जाईल. हरगोविंद ढोलकवर ठेवावा तसा हात गुडघ्यावर ठेवून बसला होता. शेवटी तो उठला आणि म्हणाला की हात वर करा. पुष्कळ हात वर आले. नीलकंठला वाटलं त्यापेक्षा पुष्कळ. फाउंड्रीतल्या सुम्मेरनं हात सगळ्यांत शेवटी वर केला, इकडेतिकडे बघून, पाठ खाजवायला उचलल्यासारखा.

आशिषनं ऐकून घेतलं. दिल्लीला मालकांशी त्याचं बोलणं होत राहिलं, केबिनचं दार लावून. मग एका सकाळी त्यानं नीलकंठला पुन्हा बोलावलं. या वेळी त्यानं चहाचं विचारलं नाही.

"साहेब तयार आहेत," तो म्हणाला. "पण एका अटीवर. टेस्टिंगला नवीन यंत्र येईल; एवढे पगार द्यायचे तर ते आणावंच लागेल. त्यानंतर एवढी माणसं लागणार नाहीत. जुन्या बायकांना आत घेऊ, शीला वगैरे, त्यांचा हक्क आधी. ज्या सगळ्यांत नवीन आहेत त्या जातील. ठेकेदार त्यांना काढेल." तो बोटांनी टेबलाची कड चाचपत राहिला. "काका, स्वराली सगळ्यांत नवीन आहे."

बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं. ते कुरकुरणं दूर जाईपर्यंत नीलकंठ ऐकत राहिला. त्याला आश्चर्य वाटलं नाही. आतून कुठंतरी त्याला हे माहीत होतं. एखादी गोष्ट महाग केली की ती कमी घेतली जाते, हे गरौठ्याच्या दुकानात जसं खरं तसं इथंही खरं होतं. फक्त तो भार कुणाच्या अंगावर पडेल हे त्यानं बघितलं नव्हतं.

"दुसरं काही नाही होऊ शकत?"

"तुम्ही सह्या केल्या नाहीत तर होईल. जुना प्रस्ताव तसाच आहे. स्वराली राहील. सगळ्याच राहतील, आहेत तशा." आशिष खाली बघून म्हणाला, "मला वाटलं, तुम्हाला आधी सांगावं."

त्या संध्याकाळी परत येताना नीलकंठनं स्कूटर खंडेराव गेटपाशी थांबवली. गेटखालून रिक्षा, सायकली, म्हशी एकमेकांना जागा करून देत आतबाहेर करत होत्या. स्वरालीला वाटलं आईनं काही आणायला सांगितलंय. त्यानं तिला उसाचा रस घेऊन दिला आणि तिथंच, कमानीच्या दगडाला टेकून, सगळं सांगितलं. यंत्राचं, जुन्यांचं, नवीनांचं. मधे तो अडखळला तेव्हा ती म्हणाली, "हं, पुढे बोला." तिचा रस संपत आला होता. तळाचा बर्फ ती हलवत होती.

"आणि शीला दीदी?" तिनं विचारलं. "त्या आत येतात?"

"येतात. त्यांच्याबरोबरच्या जुन्या सगळ्या येतात."

"पक्का?"

"पक्का."

शीला टेस्टिंगमध्ये सगळ्यांत जुनी. स्वराली लहान असल्यापासून त्या टाक्यांत हात घालून तिच्या बोटांची कातडी कायमची पांढुरकी, सुरकुतलेली झाली होती. स्वराली हिंदीत म्हणाली, "तो साइन कर दो, बाबा." आणि लगेच, तिथंच, रस्त्यात, तिचे डोळे भरून आले. ती चिडली स्वतःवर. ओढणीनं डोळे पुसत म्हणाली, "मी रडत नाहीये. मला राग येतोय. तुमचा नाही. म्हणजे तुमचाही. तुम्ही मला का विचारलं? न विचारता केलं असतं तर मी तुमच्याशी भांडले तरी असते. अब किससे लड़ूँ?"

त्याला तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला, पण मधे रसवाला ग्लास मागत उभा होता.

आभा मात्र भांडली. तिनं भाजी गॅसवरून उतरवली आणि पळी हातात तशीच धरून उभी राहिली. "दुसऱ्यांच्या पोरी आत आणि आपली बाहेर? तुम्ही कुणाचे वडील आहात हो?" ती म्हणाली. "माझ्या दवाखान्यात असं करून बघा म्हणावं कुणाला." तो म्हणाला की तुमच्या दवाखान्यातही वॉर्डातल्या आया आता ठेक्यावरच आहेत. ती ओट्याकडे वळली. मग तिनं ताटं वाढली आणि स्वरालीच्या भातावर न विचारता तूप सोडलं. झोपण्यापूर्वी ती एवढंच म्हणाली, "यशोदा म्हणून एक आया आहे आमच्याकडे. ती रजेवर गेली की तिला पगार नसतो. मी कधी विचारलंच नव्हतं तिला." अंधारात ती जागी होती हे तिच्या श्वासावरून त्याला कळत होतं, आणि तोही जागा होता.

सह्या झाल्या. हरगोविंदनं हार आणले होते, पण नीलकंठनं घातला नाही. टेस्टिंगच्या जुन्या बायका युनियनच्या खोलीत पहिल्यांदा आल्या तेव्हा त्या दारातच चपला काढू लागल्या, आणि हरगोविंदला त्यांना दोनदोनदा सांगावं लागलं की याची गरज नाही, ही तुमचीच खोली आहे. शीला खुर्चीच्या कडेवर बसली. तिनं नीलकंठकडे बघितलं नाही. लोकही आता त्याला बिटिया के लाने असं काही म्हणत नव्हते. उलट तो आला की आवाज उतरायचे, कुणीतरी सरकून जागा करून द्यायचं, घरी दुःखाची गोष्ट घडलेल्या माणसाला देतात तशी. ते त्याला सहन होत नव्हतं. त्याला वाटायचं, त्यापेक्षा सुम्मेरनं पुन्हा एकदा काहीतरी बोलावं. घरी स्वराली भोपाळ, पिथमपूर, पुणे असं फोनवर काहीबाही शोधत बसायची. पुण्याच्या एका कारखान्याशी बोलताना तिला मराठीत उत्तरं द्यावी लागली. ती अडखळत, व्याकरण चुकवत बोलली, आणि फोन ठेवल्यावर त्याच्याकडे बघून खूप दिवसांनी मोकळं हसली. "वो बोले, तुम्ही मराठी कुठं शिकलात? मी म्हटलं, घरात."

तिच्या शेवटच्या दिवशी ते नेहमीसारखे एकाच स्कूटरवरून आले. फाटकाशी ती उतरली आणि मागं न बघता आत गेली. दिवसभर नीलकंठ शाफ्ट उतरवत होता. हात काम करत होते, आणि त्याला समाधान होतं का दुःख होतं हे त्याला ठरवता येत नव्हतं. दोन्ही एकमेकांत इतकी मिसळली होती की त्यांना वेगळी नावं द्यायला नको वाटत होतं. शीलाचं आता कुणी काही काढून घेऊ शकणार नव्हतं. त्याची मुलगी जाणार होती. पंप थोडा महाग होणार होता आणि गरौठ्याचा कुणी शेतकरी दुसरा पंप नेणार होता. हे सगळं एकाच सहीत होतं. नानांना असा हिशेब मांडावा लागला असता तर त्यांनी काय केलं असतं, हे त्यानं स्वतःला विचारून बघितलं, आणि नाना त्याच्या मनात नुसते रंधा चालवत राहिले.

पाळी सुटायला थोडा वेळ असताना टेस्टिंगच्या बाजूचा आवाज थांबला. आधी एक पंप, मग त्याच्या शेजारचा, मग एकामागोमाग सगळे. त्यानंही लेथ बंद केला. टाक्यांतलं पाणी स्थिर होताना जो बारीक लपलप आवाज येतो तोही त्याला लेथपर्यंत ऐकू आला, इतकी शांतता झाली. शेडच्या त्या टोकाला जाळीपलीकडे बायका आपापल्या टाकीशी हात पुसत उभ्या होत्या, जुन्याही आणि जाणाऱ्याही, आणि मधे स्वराली होती. शीलानं तिचा हात धरला होता. घोषणा नव्हती. हरगोविंदही आपल्या यंत्राशी उभा राहून तिकडे बघत होता; म्हणजे त्यालाही माहीत नव्हतं. कुणाला विचारलं नव्हतं त्यांनी.

सुपरवायझर धावत आला. त्याला दम लागला होता. "नीलकंठ जी, ये क्या है? माल जाना है आज. ये किसने बंद कराया?" त्यानं टेस्टिंगकडे हात केला. "यूनियन ने?"

नीलकंठनं जाळीपलीकडे बघितलं. स्वराली त्याच्याकडेच बघत होती.

"हाँ," तो म्हणाला. "यूनियन ने."